पलुसकरांचा गायनवर्ग

आज शाळेच्या वेळापत्रकात गायनाचा तास असला तर आम्हां शिक्षकांना नवल वाटत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या लहानपणी मात्र गाणे गुरूच्या घरी राहून, सेवा करूनच मिळे. १८७२ साली कुरुंदवाडला कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा सुटली, आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकू लागले. १९०१ साली लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलिपीची छापील पुस्तके! घरंदाज स्त्रियांनाही गाणे शिकविले. आमच्या मते हेच मोठे धाडस. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी हातची गेली. १९३१ साली ते मिरजेस वारले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच विद्यार्थी.