सर वॉल्टर एलियट आणि धारवाडचे खवले मांजर

सर वॉल्टर एलियट (१८०३–१८८७) हे नाव अभ्यासकांना परिचित आहे ते चालुक्यांचे शिलालेख, दक्षिणेतील नाणी आणि अमरावतीची शिल्पे यांमुळे. त्यांचे प्राणिविषयक लेखन त्या मानाने उपेक्षित राहिले.

एडिंबरो येथे जन्मलेले एलियट मद्रासच्या मुलकी सेवेत दाखल होऊन धारवाडकडे आले. इंग्रजी दप्तरात या प्रदेशास दक्षिण मराठा देश म्हणत. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारले गेले आणि एलियट राणी चन्नम्मांच्या कैदेत सापडले. डिसेंबरच्या आरंभी त्यांची सुटका झाली. त्यानंतरही १८३३ पर्यंत ते याच भागात राहिले.

या प्रदेशातील सस्तन प्राण्यांची त्यांची सूची १८३९ मध्ये मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत प्रसिद्ध झाली. तीत शास्त्रीय नावांच्या शेजारी मराठी, कानडी, तेलुगू नावे आहेत. भाषाभ्यासकाने ती केवळ याचसाठी उघडावी. शेतातील कोक उंदीर बिळात धान्य साठवतो आणि वडार लोक ते खणून काढतात, हेही तीत नोंदलेले आहे.

पण सर्वांत लक्षवेधी नोंद आहे ती बंदिवासात ठेवलेल्या खवले मांजराची. ते दिवसभर झोपे, रात्री अस्वस्थ होई. ते फुसकारे आणि डोके पुढच्या पायांत घालून, शेपटी भोवती गुंडाळून वेटोळे होई. पाणी पिताना लांब जीभ इतक्या वेगाने आत-बाहेर करी की भांड्यात फेस दाटे. मात्र पेटीत टाकलेल्या वाळव्यांना ते तोंड लावीना. मोठ्या मुंग्याही त्याने नाकारल्या. आरंभीची त्याची विष्ठा तर मुंग्यांचीच होती, म्हणजे हे त्याचे नेहमीचे खाद्य. या विसंगतीवर एलियटांनी कोणतेही पांडित्य केले नाही. दोन्ही गोष्टी जशाच्या तशा नोंदल्या. पिंजऱ्यातील जनावराचे वर्तन म्हणजे त्याचा मूळ स्वभाव नव्हे, ही अडचण त्या दोन ओळींतच दिसते. स्वतः कैद भोगलेल्या माणसाची ही नोंद आहे, हे वाचताना मनात येतेच. त्यांनी तसे कोठे सुचविलेले नाही. बंदिवासातील खवले मांजर अन्न नाकारते, हा अनुभव आजच्या प्राणिसंग्रहालयांनाही आहे.

१८६० मध्ये ते निवृत्त होऊन स्कॉटलंडला परतले. अखेरच्या काळात दृष्टी गेली, तरी दक्षिणेच्या नाण्यांवरील ग्रंथ त्यांनी पुरा केला. १ मार्च १८८७ रोजी त्यांचे निधन झाले.