टिंबापासून सुरू होणारी ओळ

१९७० च्या आरंभी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीजमध्ये काही संशोधकांनी वरिष्ठांकडे एका नव्या संगणकाची मागणी केली. यंत्राची किंमत सुमारे ६५ हजार डॉलर होती. आधीच्या वर्षभरात याहून कितीतरी महाग यंत्रांसाठी त्यांनी अर्ज करून पाहिले होते आणि प्रत्येक वेळी पदरी निराशाच आली होती. या वेळच्या अर्जात मात्र नवी कार्यप्रणाली लिहिण्याचे मोघम आश्वासन नव्हते. मजकूर टंकावा, सुधारावा आणि नीटनेटक्या पानांवर छापून घ्यावा, अशी व्यवस्था उभारण्याचे वचन त्यात होते. ही कल्पना प्रामुख्याने जोसेफ फ्रँक ओसाना यांची. युनिक्सचा इतिहास सांगताना केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ही नावे प्रथम घेतली जातात व ते रास्तच आहे. परंतु युनिक्सला पहिले बरे यंत्र लाभले ते छपाईच्या नावावर, याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

ओसाना यांचा जन्म १० डिसेंबर १९२८ रोजी डेट्रॉइट येथे झाला. त्याच शहरातील वेन स्टेट विद्यापीठातून १९५२ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ते बेल लॅबोरेटरीजमध्ये दाखल झाले. त्यांची सुरुवातीची कामे अक्षरांच्या जगापासून दूरची होती. कमी गोंगाटाचे ध्वनिवर्धक, उपग्रहाकडे अँटेना कोणत्या कोनात वळवावा याचे गणित, फिरत्या रेडिओच्या संदेशाचे क्षीण होणे, अशा विषयांवर त्यांनी काम केले. पुढे संगणकाकडे वळल्यावर ते मल्टिक्स या महाकाय प्रकल्पात सामील झाले. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक व बेल यांच्या या संयुक्त प्रकल्पात संगणकात माहिती घेण्याची आणि बाहेर काढण्याची यंत्रणा हा त्यांचा प्रांत होता. त्यावर दोन सहकाऱ्यांसह त्यांनी लिहिलेला निबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये बेलने मल्टिक्समधून अंग काढून घेतले आणि ही मंडळी यंत्राविना उघड्यावर पडली. मागणीअर्जांची ती मालिका तेव्हा सुरू झाली.

ओसाना यांचा अर्जही प्रथम नापसंतच ठरला. अखेर ली मॅकमहॉन यांच्या खटपटीने पैसे उभे राहिले, मे महिन्यात पीडीपी-११ ची मागणी नोंदवली गेली आणि उन्हाळ्याच्या शेवटी यंत्र आले. पण ते इतके नवे होते की, त्याची डिस्क डिसेंबरपर्यंत तयारच नव्हती. तोवर ते एका कोपऱ्यात बसून बुद्धिबळाच्या सहा गुणिले आठ घरांच्या पटावर घोड्याच्या फेऱ्या मोजत राहिले.

दिलेले वचन पाळण्याची वेळ १९७१ च्या उन्हाळ्यात आली. बेलच्या पेटंट विभागाला अर्ज तयार करण्यासाठी एक यंत्रणा हवी होती आणि बाजारातील एक तयार यंत्रणा त्यांच्या विचाराधीन होती. युनिक्सच्या मंडळींकडे तोवर मजकूर लिहिण्याचे साधन आणि रॉफ नावाचा पाने आखून देणारा प्रोग्रॅम, एवढीच सामग्री होती. रॉफचे घराणे जुने. जेरोम सॉल्ट्झर यांनी १९६४ च्या सुमारास एमआयटीत रनऑफ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, डग मॅकिलरॉय यांनी त्यावरून मल्टिक्ससाठी रॉफ रचला आणि तोच पुढे युनिक्सवर उतरवला गेला. पेटंट कार्यालयाचा नियम असा होता की, अर्जाच्या पानावर ओळींना क्रमांक हवेत. बाजारातील यंत्रणेला ते जमत नव्हते. रॉफमध्ये ती सोय चटकन घालण्यात आली. शिवाय ज्या टेलिटाइप यंत्रावर हे छापले जाई, त्याला गणिती चिन्हेही उमटवता येत. एवढ्या दोन गोष्टींवर काम मिळाले.

वर्षाच्या उरलेल्या सहा महिन्यांत पेटंट विभागातील तिघी-तिघे टंकलेखक दिवसभर त्या यंत्रावर अर्ज टंकत आणि संशोधक त्याच यंत्रावर आपले प्रयोग करत. डिस्क अवघ्या अर्ध्या मेगाबाइटची. काही तासांचे काम झाले की मजकूर फितीवर उतरवून जागा मोकळी करावी लागे. एका प्रोग्रॅमची चूक सबंध यंत्र बंद पाडू शकत होती. तरीही प्रयोग यशस्वी झाला. पेटंट विभागाने युनिक्स स्वीकारले आणि त्या भरवशावर पीडीपी-११/४५ हे मोठे यंत्र मंजूर झाले. ओळींच्या क्रमांकांसारखी किरकोळ वाटणारी सोय तेव्हा नसती, तर युनिक्सचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

ओसाना यांचे समाधान मात्र रॉफवर होणारे नव्हते. त्याची पद्धत सोपी होती. साध्या ओळी म्हणजे मजकूर आणि टिंबाने सुरू होणारी ओळ म्हणजे आज्ञा. टिंबापुढे एसपी लिहिले की एक ओळ मोकळी सुटे, सीई लिहिले की पुढची ओळ मधोमध येई, बीपी लिहिले की नवे पान सुरू होई. (गंमत अशी की, ज्या एड या संपादकात हा मजकूर टंकला जाई, त्यात ओळीवर एकटेच टिंब दिले की लेखन संपले असे समजले जाई. नवशिक्यांची किती तारांबळ उडत असेल!) या आज्ञा ठरावीक होत्या. लेखकाला आपल्या गरजेची नवी आज्ञा घडवायची असेल, तर फारसा मार्ग नव्हता.

ओसाना यांनी एन-रॉफ लिहिला तो ही उणीव भरून काढण्यासाठी, आणि त्यांची खरी प्रतिभा येथे दिसते. अनेक आज्ञांची मोळी बांधून तिला नाव द्यावे, म्हणजे तीच एक नवी आज्ञा. आकडे साठवायला खण दिले. पानांचे, प्रकरणांचे क्रमांक त्यांत आपोआप वाढत. अट घालता येई आणि अटीनुसार वेगळे काही करता येई. पानावर एखाद्या उंचीला सापळा लावून ठेवता येई. छपाई तिथवर पोहोचली की सापळा मिटे आणि नेमून दिलेली आज्ञा चाले. पानाचे शीर्षक आणि तळाचा क्रमांक याच युक्तीने छापले जात. याहून सुंदर युक्ती म्हणजे मजकूर छापण्याऐवजी बाजूला वळवून ठेवणे. तळटीप घ्या. खिळे जुळवणाऱ्या कसबी जुळाऱ्याला ती पानात बसवताना घाम फुटतो, कारण टीप किती ओळींची हे कळल्याशिवाय वरचा मजकूर कुठे तोडावा हे ठरत नाही. एन-रॉफमध्ये टीप आधी बाजूला रचली जाई, तिची उंची मोजली जाई, तेवढा सापळा वर सरकवला जाई आणि पान भरत आले की टीप तळाशी सोडली जाई. छापील पानाची आखणी ही त्यामुळे स्वतंत्र प्रोग्रॅमिंगची भाषा बनली.

यानंतर बेलमध्ये ग्राफिक सिस्टिम्स कंपनीचे छायाअक्षरजुळणीचे यंत्र आले. त्यात फिल्मच्या चार पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर १०२ अक्षरे व चिन्हे. हवे ते अक्षर समोर येताच त्यातून प्रकाश पाडून ते छायाचित्रणाच्या कागदावर उमटवले जाई. आकार ६ ते ३६ पॉइंटपर्यंत पंधरा. छिद्रांची कागदी फीत वाचण्यासाठी घडवलेले हे यंत्र संगणकाला जोडण्यात आले आणि ओसाना यांनी १९७३ मध्ये त्यासाठी टी-रॉफ लिहिला. टंकयंत्रावर प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे असते. इथे प्रत्येकाची रुंदी निराळी, आणि ती इंचाच्या ४३२ व्या भागापर्यंत मोजायची होती. एन-रॉफची भाषा त्यांनी तशीच ठेवली. तोच मजकूर टेलिटाइपवरही छापता येई आणि पुस्तकी अक्षरांतही.

भाषा सुबक होती असे कोणी म्हणणार नाही. नावे दोनच अक्षरांची, उलट्या तिरक्या रेघांचे रान माजलेले. महिन्याभरापूर्वी आपणच लिहिलेली आज्ञा आपल्यालाच उलगडू नये अशी. पण तिच्यावर इमारत उभी राहू शकत होती. ब्रायन कर्निघन आणि लॉरिंडा चेरी यांनी गणिती सूत्रांसाठी, तर माइक लेस्क यांनी तक्त्यांसाठी वेगळे प्रोग्रॅम लिहिले. ते स्वतः काहीच छापत नसत; सोप्या शब्दांत लिहिलेल्या सूत्राचे वा तक्त्याचे टी-रॉफच्या आज्ञांत रूपांतर करून पुढे देत. गणित वा मुद्रण न शिकलेल्या टंकलेखकालाही त्यामुळे सूत्रे छापता येऊ लागली.

पुढे ओसाना यांनी टी-रॉफ सी भाषेत उतरवला, पण त्याची घडण जुन्या यंत्रभाषेतलीच राहिली. कोणता भाग काय करतो याच्या नोंदी त्यात जवळजवळ नव्हत्या आणि सारा प्रोग्रॅम त्या एकाच छायायंत्राला जखडलेला होता. सर्व खाचाखोचा एका माणसाच्या डोक्यात होत्या. २८ नोव्हेंबर १९७७ रोजी, हृदयविकारामुळे, ओसाना यांचे निधन झाले. एकोणपन्नासावा वाढदिवस बारा दिवसांवर होता.

काही महिन्यांतच, १९७८ मध्ये, कर्निघन व रिची यांचे सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तक बाहेर आले. त्याची अक्षरजुळणी लेखकांनी स्वतः त्याच छायायंत्रावर केली होती. त्याच वर्षी बेलच्या तांत्रिक नियतकालिकाने युनिक्सवर खास अंक काढला. त्यातील दस्तऐवज तयार करण्यावरच्या लेखावर कर्निघन आणि लेस्क यांच्या जोडीला ओसाना यांचेही नाव होते.

मागे राहिलेला प्रोग्रॅम कोणीतरी हाती घेणे भाग होते. १९७९ मध्ये कर्निघन यांनी ते धाडस केले. परक्याच्या कोड्यात महिनोन् महिने वाट शोधत त्यांनी टी-रॉफ त्या एका यंत्रापासून सोडवला, कोणत्याही छपाईयंत्रासाठी चालेल असा केला. भाषा मात्र बदलली नाही. जुने दस्तऐवज त्यामुळे निरुपयोगी ठरले नाहीत. १९९० मध्ये जेम्स क्लार्क यांनी जी-रॉफ हा मुक्त अवतार लिहिला. लिनक्सवरील आज्ञांची माहितीपत्रके आजही टिंबापासून सुरू होणाऱ्या ओळींत लिहिली जातात.

ओसाना यांनी टी-रॉफची पुस्तिका ऑक्टोबर १९७६ मध्ये लिहून पूर्ण केली होती. कर्निघन यांनी १९९२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यावर दोघांची नावे आहेत, आणि ओसाना यांचे पहिले आहे.