माणगावचे यशवंतराव

माणगाव म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? हायवेवरचं ट्रॅफिक जाम, एस.टी. स्टॅण्ड, आणि गणपतीत मुंबईहून निघालेल्या गाड्यांची रांग. बरोबर? (आणि हो, हा आपला रायगडातला माणगाव. महाराष्ट्रात माणगावं बरीच आहेत, त्यामुळे आधीच सांगून टाकलेलं बरं.) लोणेऱ्याला येणारे आपण सगळे याच गावातून कितीतरी वेळा गेलोय. पण तहसील कार्यालयापाशी एका सैनिकाचा पुतळा उभा आहे, तो नक्की कोणाचा असं विचारलं, तर आपल्या वर्गातले निम्मे जण तरी गप्प बसतील. मी विचारून बघितलंय!

तो पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंतराव. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक. आपल्या परमवीर चक्राच्या तोडीचं म्हणा ना.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ साली आलं. त्या काळच्या आपल्या तालुक्याचं चित्र डोळ्यांसमोर आणणं अवघड नाही. भाताचं एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावर. घरात खाणारी तोंडं जास्त आणि जमीन तुकड्यातुकड्यांची. मग घरातला एखादा मुलगा मुंबईला गिरणीत जायचा, नाहीतर पलटणीत. शेजारच्या महाड तालुक्यात तर एका गावाचं नावच फौजी आंबवडे पडलंय, इतकी माणसं त्या गावातून सैन्यात गेली. तेव्हा यशवंतराव पलटणीत गेले यात जगावेगळं काही नव्हतं. मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे तेव्हाची पाचवी मराठा, हीच आपल्याकडच्या पोरांची पलटण. बेळगावला तिचं केंद्र, ते आजही आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पुष्कळदा गाळली जाते. हे सगळं चाललं होतं तेव्हा देश स्वतंत्र नव्हता. सप्टेंबर १९४२ मध्ये महाडला इंग्रज सरकारविरुद्ध मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसं गेली. म्हणजे एकीकडे आपल्याच भागातली माणसं इंग्रजांच्या गोळीला बळी पडत होती आणि दुसरीकडे आपल्याच भागातली पोरं इंग्रजांच्या सैन्यात हिटलरच्या फौजेशी लढत होती. यातलं कोण बरोबर आणि कोण चूक, हा वाद वसतिगृहात रात्री दोनपर्यंत घालता येतो (घातलाय). मला विचाराल तर बावीस वर्षांच्या मुलाला इतिहासाच्या पेपरात पास-नापास करायचा अधिकार आपल्याला नाही. भारतीय सेनेत त्या युद्धात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होती आणि ती सगळी स्वतःहून भरती झालेली होती. सक्तीची भरती आपल्याकडे नव्हती. पण पोटासाठी झालेली भरती कितपत स्वतःहून म्हणायची, हाही एक प्रश्नच आहे.

यशवंतराव तिसऱ्या बटालियनमध्ये होते. या बटालियनने १९४१ साली आफ्रिकेत, इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात मोठी लढाई केली होती. पुढे १९४४ मध्ये ती दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत आली. ४ जून १९४४ ला रोम दोस्तांच्या हातात पडलं. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरकू लागलं, पण पळत नव्हतं. प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर मशीनगन मांडून दोस्तांना अडवत, त्यांची माणसं टिपत मागे जात होतं. टायबर नदीचं वरचं खोरं म्हणजे टेकड्यांवर टेकड्या. एक घेतली की समोर दुसरी! अशा मुलखात रणगाडे फारसे कामाचे नाहीत, पायदळालाच चढावं लागतं. आणि डोंगर चढायला मावळ-कोकणातल्या पोरांपेक्षा कोण चांगलं?

१० जुलै १९४४. आपल्याकडे हे लावणीचे दिवस. पळसगावच्या खाचरांत गुडघाभर चिखल असणार. तिकडे इटलीत मोर्लुपो नावाच्या ठिकाणी मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. यशवंतराव नाईक होते, म्हणजे एका सेक्शनचे प्रमुख. सेक्शन म्हणजे साधारण दहा माणसांची तुकडी. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्या काळची जर्मन एमजी-४२ मिनिटाला हजाराहून जास्त गोळ्या झाडायची. काही क्षणांत सेक्शनमधले सगळेच्या सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उभे राहिले फक्त यशवंतराव.

आपल्यामागे आता कोणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते सरळ त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग आपल्या टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या. टॉमीगनचं मॅगझिन बदलायला सरावलेल्या माणसाला काही सेकंदच लागतात, पण तेवढे सेकंदही नव्हते. मग त्यांनी ती बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. (टॉमीगन साडेचार-पाच किलोची असते. आपल्या वर्कशॉपमधला घण आठवा.) ठाणं त्यांनी एकट्याने घेतलं. पण लांबून नेम धरून बसलेल्या शत्रूच्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या, आणि घेतलेल्या त्याच ठाण्यात त्यांचा मृत्यू झाला. वय बावीस वर्षं आणि जवळजवळ आठ महिने. आपल्या फायनल इयरच्या मुलांचं वय!

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दिल्लीत व्हाईसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून तो त्यांच्या पत्नीने स्वीकारला. विचार करा, कुलाबा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली तरुण विधवा, आणि समोर व्हाईसरॉय, फौजफाटा, बॅण्ड. आपण नेहमी त्या पदकाबद्दल बोलतो. ते घेऊन ती बाई घरी परत आली असेल तेव्हाच्या घराबद्दल कोणी बोलत नाही. पदक काशाचं असतं, छोटंसं. घरात ते कुठे ठेवत असतील?

हा लेख लिहायचं डोक्यात आलं तेव्हा मी आमच्या वाडीतल्या फौजी काकांकडे गेलो. सगळे त्यांना फौजी काकाच म्हणतात. हवालदार म्हणून रिटायर झालेले, १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. लहानपणी आम्ही पोरं त्यांना लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून सतवायचो. ते लंगरातल्या जेवणाच्या, ट्रेनिंगमधल्या उस्तादांच्या गमती सांगायचे, लढाईची एकही नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की काका बॅटरी घेऊन शेतावर निघून जातात. आम्हाला वाटायचं, राखण करायला जातात. पुढे काकींकडून कळलं की राखणबिखण काही नाही. रात्री कधीकधी ते ओरडत उठतात, हेही काकींनीच सांगितलं, तेही खूप वर्षांनी.

मी काकांना यशवंतरावांची हकिगत वाचून दाखवली. मला वाटलं होतं, एकट्याने ठाणं घेतलं तिथे ते खूश होतील. ते वेगळ्याच ओळीवर अडकले. सेक्शनमधले सगळे पडले, ही ओळ त्यांनी मला परत वाचायला लावली. मग म्हणाले की सेक्शन कमांडरला आपल्या दहाही जणांचं सगळं माहीत असतं, कोणाच्या घरी म्हैस व्यायलीय, कोणाचं पत्र आलं नाही, कोण झोपेत बडबडतो. ती माणसं डोळ्यांदेखत पडल्यावर तो जे करतो, त्याला बघणारे शौर्य म्हणतात, ते आहेच, पण तो स्वतः त्याला काय म्हणेल हे त्याला जगायला मिळालं असतं तरच कळलं असतं. आणि मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. बाकीच्यांची नावं काय होती?

मला माहीत नव्हती. पुतळ्याखाली ती नाहीत. यशवंतरावांवर जे काही लिहिलेलं मला सापडलं, त्यातही नाहीत.

काकांच्या त्या बोलण्यानंतर मी वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. त्याच मराठा पलटणीतल्या नामदेव जाधवांनाही इटलीतच, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते अहमदनगर जिल्ह्यातले. जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांमधून बाहेर काढून मग त्यांनी शत्रूच्या मशीनगनवर हल्ले केले होते. ते वाचले, घरी परतले आणि १९८४ पर्यंत जगले. म्हणजे त्या दिवसानंतर जवळजवळ चाळीस वर्षं. या चाळीस वर्षांबद्दल पुस्तकांत एखादी ओळ मिळते, त्या एका दिवसाबद्दल मात्र पान भरून. मराठ्यांची दुसरी बटालियन तर १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा कैदेत गेली. तीही माणसं पुढे आपापल्या गावी आली, पुन्हा नांगर धरला, पोरांची लग्नं केली. त्यांना रात्री काय दिसायचं ते कोणी विचारलं नाही, आणि विचारायला शब्दही नव्हता. पहिल्या महायुद्धात याला शेल शॉक म्हणत. आज डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात ते नाव वैद्यकशास्त्रात अधिकृतपणे आलं १९८० साली. गावात त्याला म्हणायचे, मिलिटरीत जाऊन डोकं फिरलंय. नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलंय, बघून घ्या.

आता निदान फोन तरी करता येतो. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, आणि १ डिसेंबर २०२३ ला पुण्यात खास सैन्यदलातल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. मी नंबर काकींना लिहून दिलाय. काकांना द्यायची हिंमत अजून झालेली नाही.

यशवंतरावांना विसरले असं मात्र म्हणता येणार नाही. माणगावात पुतळा आहे. लंडनमध्ये २००२ साली उभारलेल्या मेमोरियल गेट्सपाशी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या आपल्याकडच्या वीरांची नावं कोरलीत, त्यात त्यांचंही आहे. आणि सगळ्यात आश्चर्याची गोष्ट म्हणजे जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या डोंगरी गावाने त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. तेही पुतळा नाही, सूर्यघड्याळ! आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन बोधवाक्य त्यावर आहे. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणून मला यातली गंमत वेगळीच वाटली. साध्या सूर्यघड्याळाचा काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवावा लागतो, म्हणजे जमिनीशी त्याचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका. मोंतोनेला तो त्रेचाळीस अंशांच्या वर जाईल आणि माणगावला जेमतेम अठरा. सूर्य एकच असला तरी घड्याळ उचलून इकडे आणून बसवता येत नाही, इथलं इथेच बनवावं लागेल. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी मनावर घेतलं तर एका सेमिस्टरचा झकास प्रोजेक्ट आहे हा. बघा!

इटलीच्या लढाईत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक होते, त्यातले ५,७८२ तिथेच राहिले. यशवंतरावांची कबर किंवा समाधी कुठे नाही. कसिनोच्या स्मारकावर, ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांवर नावांत त्यांचं नाव आहे.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तिथेच असेल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदवही नेटवर खुली आहे, तारीख आणि पलटण टाकून नावं शोधता येतात. १० जुलै १९४४, पाचवी मराठा, इटली. कोण कोणत्या सेक्शनमध्ये होतं ते त्यात लिहिलेलं नसतं, पण त्या दिवशी गेलेल्यांची नावं, आणि काहींच्या पुढे आईवडिलांचं नाव, गाव, एवढं मिळतं. सबमिशन संपलं की यादी काढायची आणि सुट्टीत काकांना नेऊन द्यायची असं ठरलंय. अक्षरं मोठी हवीत आणि मराठीत हवीत, असं त्यांनी बजावून सांगितलंय.