पंडिता रमाबाई

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी प्रभूच्या या मराठी सेविकेचे ऋण आपण मानायलाच हवे.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना आईने संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. १८८२ मध्ये पती वारले. पदरात तान्ही मुलगी. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्यांनी स्त्रियांना एकत्र आणले. सरकारच्या हंटर आयोगापुढे जाऊन बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली.

इंग्लंडमध्ये विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा ऐकून त्यांचे मन हेलावले. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे धर्मांतराचा संशय पसरला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला. तेथे शेती, विणकाम, छपाई ही सारी कामे स्त्रियाच करीत. मूळ भाषांवरून बायबलचा मराठी अनुवाद पुरा करून १९२२ मध्ये त्या प्रभूघरी गेल्या.

आपल्या चर्चची झाडलोट आणि फुलांची सजावट आपल्या भगिनी करतात. निर्णयाच्या बैठकीत त्यांचे म्हणणे आपण ऐकतो का? या रविवारी स्वतःलाच विचारू या.