ठोकळ्यांचे गुरुजी : फ्रेडरिक फ्रोबेल

दिवाळीची सुट्टी लागली की बडोद्यातल्या मराठी घरांच्या अंगणात किल्ले उभे राहू लागत. विटांचे तुकडे, जुनी गोणपाटे, माती, वर अळीव पेरलेले हिरवेगार रान आणि बुरुजावर मावळे! जे आज पन्नाशीच्या पुढे आहेत, त्या आम्हा सर्वांच्या आठवणीत असा एक तरी किल्ला नक्की आहे. पण त्याही आधीची एक आठवण आहे ती बालवर्गातल्या लाकडी ठोकळ्यांची. रंग उडालेले, कोपरे झिजलेले ते ठोकळे सतरंजीवर ओतले की त्यांतून आम्ही मांडवी बांधायचो, लक्ष्मी विलास राजवाड्याचा मनोरा बांधायचो, आगगाडीही करायचो. मनोरा कोसळला की आधी रडू आणि मग हसू यायचे. बाई मात्र रागवायच्या नाहीत. किती ठोकळे उरले ते मोजून सांगा, एवढेच म्हणायच्या.

यंदाच्या पालकसभेत एका पालकांनी एक प्रश्न विचारला. मुले शाळेत ठोकळे खेळतात, मग लिहायला कधी लागणार? दुसऱ्या शाळांतली याच वयाची मुले शंभरपर्यंत आकडे लिहितात, आपली मागे तर पडणार नाहीत ना? या प्रश्नामागे मुलांविषयीची काळजीच आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून या अंकात ज्यांनी हे ठोकळे सर्वप्रथम विचारपूर्वक मुलांच्या हाती दिले, त्या फ्रेडरिक फ्रोबेल यांचे चरित्र देत आहोत. ज्याला आपण सगळे सहजपणे 'केजी' म्हणतो, त्या किंडरगार्टनचे ते जनक होत.

फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंजियाच्या डोंगराळ भागात, ओबरवाइसबाख नावाच्या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. फ्रेडरिक अवघे नऊ महिन्यांचे असताना त्यांची आई वारली. वडिलांच्या मागे धर्मकार्याचा मोठा व्याप असल्याने त्यांना मुलाकडे बघायला वेळ नसे. पुढे सावत्र आई आली. तिला स्वतःचे मूल झाल्यावर फ्रेडरिकच्या वाट्याला दुरावाच आला. वडिलांना हा मुलगा मंदबुद्धी वाटे. गावातल्या मुलांच्या शाळेऐवजी त्यांनी त्याला मुलींच्या शाळेत घातले. घराच्या आवारात एकटा फिरणारा, झाडाफुलांशी मैत्री करणारा असा तो मुलगा होता.

त्यांच्या बालपणीची एक गोष्ट सांगतात. घराजवळच्या जुन्या चर्चची दुरुस्ती चालू होती. गवंडी आणि सुतार काम करताना छोटा फ्रेडरिक तासन् तास बघत बसे. आपणही असेच चर्च बांधावे, असे त्याला वाटले. त्याने काटक्या आणि दगडधोंडे गोळा केले आणि काम सुरू केले. पण दगड वेडेवाकडे, काटक्या कमी-जास्त लांबीच्या! काही केल्या भिंत उभी राहीना. शेवटी थकून, हिरमुसून त्याने तो नाद सोडला. ही हार त्यांच्या मनात घर करून राहिली. मुलाच्या मनात बांधण्याची ओढ असते, पण त्याच्या हाताला पेलेल असे साहित्य त्याला कोणी देत नाही, हे त्यांना पुढे आयुष्यभर आठवत राहिले.

दहाव्या वर्षी मामांनी त्यांना आपल्या घरी श्टाटइल्म येथे नेले. तिथे त्यांना माया मिळाली आणि सवंगडी मिळाले. पंधराव्या वर्षी ते एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी करू लागले. मोजणी, भूमिती आणि वनस्पती यांची गोडी त्यांना याच जंगलात लागली. १७९९ मध्ये ते येना विद्यापीठात गेले, पण पैशाची तंगी होती. कर्ज फेडता न आल्याने त्यांना विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. १८०२ मध्ये वडीलही गेले. त्यानंतर त्यांनी कधी जमीन मोजणी, कधी कारकुनी अशी मिळेल ती कामे केली.

१८०५ मध्ये ते फ्रँकफुर्टला आले, ते वास्तुकला शिकायला. लहानपणी काटक्यांचे चर्च बांधू पाहणारा मुलगा आता खऱ्या इमारती बांधणार होता. पण तेथील एका शाळेचे प्रमुख ग्रुनर यांनी त्यांच्यातला शिक्षक ओळखला आणि वर्ग त्यांच्या हवाली केला. मुलांसमोर उभे राहिल्यावर फ्रोबेल यांना आपली जागा सापडली. इमारती बांधायच्या राहून गेल्या त्या कायमच्याच! स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्डन येथे थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी यांची शाळा होती. ती त्यांनी आधी पाहिली आणि नंतर १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे तिथे राहून शिक्षणाचा अभ्यास केला.

पुढे गोटिंगेन आणि बर्लिन येथे त्यांनी निसर्गविज्ञान शिकले. बर्लिनला प्राध्यापक वाइस यांच्या हाताखाली ते स्फटिकांचा अभ्यास करू लागले. मिठाचा खडा भिंगातून पाहिला तर त्याचे सरळ कोपरे दिसतात, हे आपल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. साध्या आकारांतून निसर्ग केवढी रचना उभी करतो, हे फ्रोबेल यांनी स्फटिकांत पाहिले. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढ्यात ते स्वयंसेवक म्हणून सामील झाले. तिथे त्यांना मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल हे दोन मित्र भेटले. ही मैत्री जन्मभर टिकली.

युद्धाच्या काळात त्यांचे भाऊ ख्रिस्तोफ तापाच्या साथीत दगावले आणि त्यांची मुले पोरकी झाली. संग्रहालयातली नोकरी सोडून फ्रोबेल यांनी १८१६ मध्ये ग्रीसहाइम येथे शाळा काढली. पहिले विद्यार्थी पाच, आणि पाचही त्यांचे पुतणे! पुढच्याच वर्षी ही शाळा काइलहाउ या खेड्यात गेली. १८१८ मध्ये हेन्रिएटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या पतीच्या कार्यात अखेरपर्यंत खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. १८२६ मध्ये मनुष्याच्या शिक्षणावरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण शाळेला चांगले दिवस फार काळ लाभले नाहीत. राज्यकर्त्यांची नजर वाकडी झाली, पालकांनी मुले काढून घेतली आणि पटावरची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

१८३१ मध्ये ते पुन्हा स्वित्झर्लंडला गेले. तिथे बुर्गडॉर्फच्या अनाथाश्रमाचे काम पाहताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मूल शाळेत येते तेव्हा त्याची जडणघडण बरीचशी होऊन गेलेली असते. पाया त्याच्या आधीच्या वर्षांत घातला जातो आणि त्या वर्षांकडे कोणाचेच लक्ष नसते. जर्मनीत परतल्यावर १८३७ मध्ये त्यांनी बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांच्या खेळांसाठी संस्था काढली आणि खेळण्याचे साहित्य तयार करायला घेतले. या साहित्याला त्यांनी 'भेटी' असे नाव दिले.

पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसऱ्या भेटीपासून बांधकाम सुरू होते. दोन इंच बाजूचा एक लाकडी घन, आणि तो सुटा केला की एक इंचाचे आठ छोटे घन. चौथ्या भेटीत विटेच्या आकाराचे आठ ठोकळे असत. पाचवी भेट मोठी होती. त्यात २७ घन; त्यांतले २१ अखंड, ३ तिरपे कापून प्रत्येकाचे दोन केलेले आणि ३ कापून प्रत्येकाचे चार केलेले. विद्यार्थ्यांनो, एकूण तुकडे किती झाले, ते कागदावर मांडून पाहा. उत्तर ३९ येते का?

ठोकळे देण्याची रीतही विचारपूर्वक ठरवलेली होती. पेटी उलटी ठेवायची, झाकण अलगद सरकवून काढायचे आणि पेटी वर उचलायची. मुलापुढे आधी अखंड घन उभा राही. मग ते त्याचे भाग सुटे करी. खेळताना सगळे ठोकळे वापरायचे, एकही बाजूला टाकायचा नाही. एक रचना झाली की ती पाडायची नाही, ठोकळे सरकवून तिच्यातूनच दुसरी करायची. खुर्चीचा जिना होई, जिन्याचे घर होई. कधी मूल रोजच्या जीवनातल्या वस्तू बांधी, कधी रांगोळीसारख्या सुंदर आकृत्या मांडी, तर कधी आठाचे चार-चार, चाराचे दोन-दोन करताना अर्धा आणि पाव शिकून जाई. खेळ संपला की सगळे जुळवून पुन्हा पूर्ण घन करायचा आणि पेटी बंद करायची.

२८ जून १८४० रोजी ब्लांकेनबुर्ग येथे त्यांच्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिले गेले. किंडर म्हणजे मुले आणि गार्टन म्हणजे बाग. मुले ही रोपे आणि शिक्षक हा माळी. माळी रोपाला ओढून मोठे करत नाही; तो पाणी घालतो, तण काढतो आणि वाट पाहतो. हे कार्य पाहायला हेन्रिएटे मात्र उरल्या नव्हत्या. त्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या. लहान मुलांना शिकवण्यासाठी स्त्रियांना रीतसर प्रशिक्षण देण्याचे काम फ्रोबेल यांनी याच काळात हाती घेतले. त्या काळी ही मोठीच धिटाईची गोष्ट होती.

उतारवयात ते बाड लिबेनश्टाइनजवळ राहू लागले. खेड्यातल्या पोरांबरोबर टेकडीवर गाणी म्हणत फेर धरणाऱ्या या वृद्ध गृहस्थाला काही लोक वेडा म्हातारा समजत. १८४९ मध्ये बेर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्युलो या सरदार घराण्यातल्या बाईंनी त्यांचे काम जवळून पाहिले आणि त्या त्यांच्या खंद्या पाठीराख्या झाल्या.

पण नियतीच्या मनात वेगळेच होते. त्यांचे पुतणे कार्ल फ्रोबेल यांनी लिहिलेल्या पुस्तिकेतली मते प्रशियाच्या सरकारला खटकली. काका कोण आणि पुतण्या कोण याचा घोळ झाला आणि ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियात किंडरगार्टनवर बंदी आली. मुलांना नास्तिक आणि बंडखोर बनवण्याचा आरोप झाला. ज्यांच्या हातात लाकडी ठोकळ्यांखेरीज दुसरे शस्त्र नव्हते, त्यांच्यावर हा आळ! फ्रोबेल यांनी अर्ज-विनंत्या केल्या, चूक दाखवून दिली, पण उपयोग झाला नाही. २१ जून १८५२ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी मारिएनथाल येथे त्यांनी देह ठेवला. बंदी उठली ती १८६० मध्ये. श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर घन, दंडगोल आणि गोल असे एकावर एक रचलेले दगडी स्मारक आहे.

त्यांच्या शिष्यांनी हे काम देशोदेशी नेले. १८७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे फ्रोबेल यांच्या भेटी पाहून एका शिक्षिका मातेने त्या आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी घेतल्या. तो मुलगा पुढे जगप्रसिद्ध वास्तुविशारद झाला. त्यांचे नाव फ्रँक लॉइड राइट. धबधब्यावर उभे असलेले घर आणि न्यूयॉर्कचे गुगेनहाइम संग्रहालय या त्यांच्याच वास्तू. २०१९ मध्ये त्यांच्या आठ वास्तूंना जागतिक वारशाचा मान मिळाला. लहानपणीच्या त्या मेपलच्या ठोकळ्यांचा स्पर्श अजून बोटांत आहे, अशी आठवण त्यांनी म्हातारपणीही जिव्हाळ्याने सांगितली. फ्रोबेल यांना स्वतःला वास्तुविशारद होता आले नाही. त्यांच्या ठोकळ्यांनी मात्र एक घडवला.

या कथेचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे राहून त्यांनी फ्रोबेल यांच्या पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा ती दृष्टी त्यांच्यासोबत होती. पुढे आपल्या शेजारच्या भावनगरात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडक त्या कामात सामील झाल्या. त्यांची वाट मुख्यतः माँटेसरी बाईंच्या पद्धतीची होती, साधनेही वेगळी होती. पण मूल हाताने शिकते, हा विश्वास तोच.

फ्रोबेल यांचे सारेच बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या मागून काही शिक्षकांनी ठोकळ्यांचीही कवायत करून टाकली. बाईंनी सांगायचे आणि मुलांनी तेवढेच मांडायचे! त्यावर नंतर टीका झाली आणि ती योग्यच होती. ठोकळे दिले म्हणजे काम झाले असे नाही. मुलाला स्वतःचे काही बांधू द्यावे लागते, आणि ते पडले तर पडू द्यावे लागते.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या बालवर्गातली मुले लिहायला शिकणार आहेत, यात शंका नाही. पण पेन्सिल धरणारी बोटे आधी ठोकळ्यावर ठोकळा तोलून ठेवायला शिकतात. आकडा लिहिण्याआधी मूल आठ ठोकळे हाताळते, म्हणून त्याला आठ म्हणजे काय ते कळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयासाठी खेळातून शिक्षणावर भर दिला आहे आणि २०२३ मध्ये याच वयाच्या मुलांसाठी खेळसाहित्याचा 'जादुई पिटारा' आणला गेला. फ्रोबेल यांची पेटी अशी पुन्हा उघडली आहे.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की बालवर्गातले झिजलेले ठोकळे बदलून नवे आणावेत, पण ठोकळ्यांचा तास कमी करू नये. पालकांना विनंती अशी की एखाद्या संध्याकाळी मुलासोबत जमिनीवर बसावे आणि आपण लहानपणी काय बांधत होतो ते त्याला सांगावे. आणि बालमित्रांनो, येत्या दिवाळीत किल्ला बांधाल तेव्हा काटक्या आणि दगडांनी चर्च बांधू पाहणाऱ्या त्या एकट्या मुलाची आठवण ठेवा. त्याचे चर्च उभे राहिले नाही, म्हणून तर तुमच्या हाती ठोकळे आले.