फॅरडेची राहिलेली नोंद

शेंगा चटणी आणि कडक भाकरी! आपल्या सोलापुरात नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. पण मित्रांनो, चव कळते कुठे? जिभेवर? नाही, मेंदूत! हे तपासायला माणसाला एमआरआय मशीनमध्ये झोपवतात, बारीक नळीतून जिभेवर गोड किंवा खारट पाणी सोडतात आणि मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते बघतात. चवीसाठी ‘इन्सुला’ नावाचा, आत दडलेला भाग महत्त्वाचा. (चटणीचा तिखटपणा मात्र शास्त्राच्या हिशोबाने चव नाहीच, ती जळजळ!) हे सगळं वाचताना मध्येच नाव आलं मायकेल फॅरडेचं. म्हटलं, हा तर आपला मोटर-जनरेटरवाला, हा इथे कसा?

फॅरडेचा जन्म १७९१ चा. वडील लोहार, शाळा जेमतेम. पोरवयातच तो लंडनमध्ये बुकबाइंडरकडे कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचत सुटला. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हीची लेक्चर्स ऐकली, नोट्स काढल्या, स्वतः बाइंड करून डेव्हीलाच पाठवल्या. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असिस्टंटची नोकरी मिळाली. १८३१ मध्ये त्याने इंडक्शन शोधलं. गणित त्याला फारसं येत नव्हतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. (एम-थ्रीवाले समजून घेतील!)

१८४० च्या सुमारास मात्र तब्येत ढासळली. चक्कर यायची, काही लक्षात राहायचं नाही. काही वर्षं संशोधन जवळजवळ थांबलं. त्यातून तो उठला. प्रत्येक प्रयोग डायरीत नंबर घालून लिहायची सवय होतीच. ८ नोव्हेंबर १८४५ ला त्याने वाळलेलं रक्त चुंबकाजवळ तपासलं. रक्तात लोह, म्हणजे ओढलं जाईल असं आपल्याला वाटेल. नाही गेलं. त्याने तसंच लिहिलं आणि ताजं रक्त घेऊन बघायला हवं, अशी नोंद केली. १८६७ मध्ये तो गेला.

त्या नोंदीचं उत्तर आलं ९१ वर्षांनी. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल यांना दिसलं, की ऑक्सिजन असलेलं रक्त चुंबकापासून किंचित लांब सरतं आणि ऑक्सिजन गेलेलं किंचित ओढलं जातं. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ताजं रक्त जास्त धावतं. म्हणून या फरकाने एमआरआयचा सिग्नल बदलतो. हे १९९० मध्ये सेजी ओगावा यांनी दाखवलं. चव ‘दिसते’ ती अशी.

आता खरं सांगते. लॅबमध्ये रीडिंग चुकलं की मी सीनियरचं जर्नल उघडते आणि रीडिंग जुळवते. सगळेच जुळवतात, म्हणून कधी काही वाटलं नाही. पण ज्याला स्वतःच्या आठवणीचा भरवसा नव्हता, त्या माणसाने अपुरं उत्तरसुद्धा नीट लिहून ठेवलं. या सेमला मी एक वाकडा आलेला ग्राफ तसाच ठेवला. सरांनी खाली लाल पेनने ‘रिपीट’ लिहिलं.

म्हटलं, ठीक आहे. परत करून बघू.