पाण्यातल्या अळीचा चित्रकार

डासाच्या अळीचे छायाचित्र घ्यायचे असले, की आजचा छायाचित्रकार तिला काचेच्या लहानशा पात्रात ठेवतो, मागून प्रकाश सोडतो आणि मॅक्रो भिंगातून तिच्या अंगावरचा केस न् केस टिपतो. छायाचित्रणाचा शोध लागण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी हेच काम यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने साधे भिंग आणि लेखणी यांच्या बळावर केले.

स्वामरडाम यांचा जन्म १२ फेब्रुवारी १६३७ रोजी ॲम्स्टरडॅम येथे झाला. वडील औषधविक्रेते होते. देशोदेशींच्या दुर्मीळ वस्तूंचा त्यांचा मोठा संग्रह होता. त्याच्या सहवासात मुलाला कीटकांचा छंद जडला. इ. स. १६६७ मध्ये स्वामरडाम यांनी लायडन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळवली. पण रोगी तपासण्यात त्यांचे मन कधी रमले नाही. मुलाने वैद्यकी करून पोट भरावे, ही वडिलांची रास्त अपेक्षा होती. मुलगा मात्र डबक्यांतून अळ्या गोळा करीत हिंडे. अखेर पैसे बंद करण्याची तंबी देण्यापर्यंत वडिलांची पाळी आली.

कीटक चिखलातून आपोआप उपजतात आणि अळी नाहीशी होऊन तिच्या जागी निराळाच प्राणी अवतरतो, असे त्या काळी अनेक विद्वानही मानीत. स्वामरडाम यांनी १६६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीला धक्का दिला. अळीची त्वचा अलगद सोलून आत घडी घातलेले पंख आणि पाय त्यांनी दाखवले. अळी आणि पंख फुटलेला कीटक हे दोन जीव नव्हेत, एकच होय. डासाची अळी शेपटीकडील नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून डोके खाली लोंबकळत ठेवते, तेही त्यांनी चित्रात उतरवले.

त्यांचे खरे प्रेम मात्र मेफ्लाय या कीटकावर जडले. याची अळी नदीकाठच्या मातीत बिळे करून सुमारे तीन वर्षे राहते. कोळी तिचा आमिष म्हणून उपयोग करीत. पंख फुटल्यावर मात्र हा कीटक काही तासच जगतो. स्वामरडाम यांनी अळीचे कल्ले, आतडे, श्वासनलिका, मज्जारज्जू असे सारे उलगडून रेखाटले. त्यांच्या कात्र्या इतक्या बारीक, की त्यांना धार लावायलाही भिंग लागे. उन्हाळ्यात सकाळी सहापासून ते उघड्यावर, प्रकाश अडू नये म्हणून बोडक्या डोक्याने बसत. दुपारपर्यंत डोळे थकून जात. या कीटकांत मीलन होत नाही, मादीने पाण्यात टाकलेल्या अंड्यांवर नर माशांप्रमाणे रेत सोडतो, असे त्यांनी लिहिले. ते चुकीचे ठरले. चित्रांचे मोल त्याने उणावत नाही. हा कीटक आता नेदरलँड्समधून नाहीसा झाला असून हंगेरीतील तिसा नदीवर अजूनही दिसतो.

आपण ईश्वराची निर्मिती न्याहाळत आहोत, की ईश्वराला विसरून कीर्तीमागे लागलो आहोत, हा प्रश्न याच सुमारास त्यांना छळू लागला. आंत्वानेत बूरिन्यों या धर्मोपदेशिकेचा सल्ला त्यांनी घेतला. तिच्या अनुमतीनेच मेफ्लायवरील पुस्तक १६७५ मध्ये निघाले. रेशीमकिड्यावरील लेखन मात्र त्यांनी स्वतःच फाडून टाकले. चित्रे तेवढी मालपीगी या इटालियन शास्त्रज्ञाकडे धाडली. त्यानंतर ते बूरिन्यों यांच्याकडे गेले आणि १६७६ मध्ये परतले. १६७८ मध्ये वडील वारले, पुढे वारशावरून बहिणीशी वाद झाला, तापाने शरीर पोखरले. १७ फेब्रुवारी १६८० रोजी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची हस्तलिखिते अनेक वर्षे एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. अखेर लायडनचे प्राध्यापक हेर्मान बूरहाव यांनी ती विकत घेतली आणि १७३७-३८ मध्ये ‘निसर्गाचे बायबल’ या नावाने दोन खंडांत, डच व लॅटिन या दोन्ही भाषांत, चित्रांसह छापली. तोवर स्वामरडाम यांच्या मृत्यूला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता.